‘कालिया मर्दन’ : एक उपेक्षित चित्रपट



सामान्यज्ञानाच्या तासाला विचारला जाणारा एक प्रश्न तुम्हां सर्वांस पाठ आहे. ‘भारतातील पहिला कथाचित्रपट कोणता?’ प्रश्न पुरता होण्यापूर्वीच वर्गातून उत्तर येते, ‘राजा हरिश्चंद्र, १९१३, दादासाहेब फाळके.’ हे उत्तर आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून देत आलो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात ते असेच लिहून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला आणि विचारले, ‘‘सर, तुम्ही बघितलाय काय तो पिक्चर?’’

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. खरे उत्तर ‘नाही’ असे होते आणि तेच आम्ही दिले. वर्ग हसला, त्यात वावगे काही नव्हते. परंतु तो प्रश्न दिवसभर मनातून जाईना. ज्या पुरुषास आपण भारतीय चित्रपटाचा जनक म्हणतो, त्याचा एकही चित्रपट आपण पाहिलेला नाही आणि तरीही त्याच्याविषयी ठामपणे शिकवतो, ही गोष्ट आम्हांस बोचू लागली. म्हणून आम्ही शोध घेतला. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज काही रिळेच उरली आहेत, आणि तीदेखील मूळ १९१३ च्या चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ साली त्याच कथेवर पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, असे कळले. मात्र त्याच फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचा पुष्कळसा भाग सुदैवाने सुरक्षित आहे आणि तो आज कोणासही पाहता येतो. पाऊण तासाच्या आसपास चालणारी ही प्रत आम्ही प्रथम घरी एकट्याने पाहिली; नंतर एका शनिवारी वर्गाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून ती मुलांसह पाहिली. या दोन वेळच्या पाहण्यातून जे सुचले ते येथे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : ‘पहिला’ म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चा मान अबाधित आहे, परंतु फाळके कोण होते, त्यांचा हात कसा होता आणि त्यांच्या चित्रपटात जीव कोठे होता, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने ‘कालिया मर्दन’ पाहावा. या चित्रपटाच्या वाट्यास जेवढी कीर्ती आली, त्याहून त्याची योग्यता पुष्कळ मोठी आहे.

महासर्पांच्या कथा

जगातील बहुतेक जुन्या कथांत कोठे ना कोठे एक महासर्प दडलेला असतो. इंग्रज लोक त्यास ड्रॅगन म्हणतात. त्याला पंख असतात, तो तोंडातून आग ओकतो, गुहेत सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसतो आणि अखेर एखाद्या शूर वीराच्या शस्त्राने मरतो. इंग्लंडचा संत जॉर्ज आणि जर्मन लोकांचा सिगफ्रीड यांची कीर्ती अशा वधामुळेच झाली. चीन देशातील ड्रॅगन मात्र सौम्य वृत्तीचा. तो पाऊस आणतो आणि नद्यांचे रक्षण करतो. आपल्याकडे ऋग्वेदातील वृत्र हा पाणी अडवून बसलेला महासर्प होय. इंद्राने वज्र मारून त्यास ठार केले, तेव्हा कोंडलेले पाणी वाहू लागले.

कालियाची कथा या सर्वांहून निराळी आहे आणि तिच्यातील निराळेपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. भागवताच्या दशम स्कंधात ती येते. कालिया मूळचा रमणक द्वीपावरचा. गरुडाच्या भयाने तो तेथून पळाला आणि यमुनेच्या डोहात येऊन राहिला. कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडास त्या डोहापाशी येता येत नव्हते. म्हणजे जो सर्प गोकुळास भयंकर वाटत होता, तो स्वतःही भ्यालेलाच होता. त्याच्या विषाने पाणी नासले, ते प्यायलेल्या गाई आणि गोपाळ गतप्राण होऊन पडले. कृष्णाने त्यांस जिवंत केले, डोहात उडी घेतली आणि कालियाच्या फणांवर नृत्य करून त्याचा मद उतरवला. नागपत्न्यांनी प्रार्थना केल्यावर मात्र कृष्णाने त्यास मारले नाही. ‘तू आपल्या द्वीपावर परत जा, तुझ्या मस्तकावर उमटलेली माझी पावले पाहून गरुड तुला त्रास देणार नाही,’ अशा अर्थाचे अभय देऊन त्यास निरोप दिला. नदी शुद्ध झाली आणि सर्पासही घर मिळाले. जगातील महासर्पांच्या कथांत असा शेवट विरळा.

आपल्या भागातील मुलांस ही कथा परकी नाही. पंचमीला घरोघरी नागोबाची पूजा होते, लाह्या आणि लाडू होतात, झाडाला झोका बांधला जातो. आपले कानडी बोलणारे शेजारी याच कथेस ‘काळिंग मर्दन’ म्हणतात. ज्याचे भय वाटते त्याचीच पूजा करून त्याच्याशी सलोखा राखावयाचा, ही रीत आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. फाळक्यांनी निवडलेली कथा अशी लोकांच्या अंगणातली होती.

चित्रपटकर्त्याची ओळख

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईची निरनिराळी अंगे आत्मसात केली. छायाचित्रकाराचा धंदा, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, छापखाना असे अनेक व्यवसाय त्यांनी करून पाहिले. जादूच्या खेळांचाही त्यांस मोठा नाद होता. ते प्रयोग ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करीत. हे नाव उलट्या क्रमाने वाचा, म्हणजे त्यातील गंमत तुमच्या ध्यानी येईल.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहत असता, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याने त्यांस झपाटून टाकले. १९१२ साली ते लंडनला जाऊन आले. कॅमेरा आणि इतर साहित्य मिळवले. पैसा उभा करण्यासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. एवढे करून त्या थांबल्या नाहीत. फितीला भोके पाडणे, ती धुणे, जोडणे ही कामे त्या स्वतः शिकल्या आणि शिवाय कंपनीतील सर्व माणसांचा स्वयंपाकही पाहिला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ असे चित्रपट आले. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘कालिया मर्दन’ हे याच नाशिकच्या कंपनीचे चित्र.

चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रक आणि जादूगार हे चारही फाळके या एका चित्रपटात एकत्र काम करताना दिसतात.

चित्रपटाची रचना

आरंभीच एक आश्चर्य आहे. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एका लहान मुलीचा चेहरा येतो. ती सात वर्षांची आहे, असे पाटी सांगते. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. मग पाहता पाहता त्या मुलीच्या जागी मुकुटधारी बाळकृष्ण दिसू लागतो. ही मुलगी म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. जादूगार खेळापूर्वी आपले रिकामे हात प्रेक्षकांस दाखवतो, तसेच हे झाले. ‘ही माझी मुलगी, आता हिचा कृष्ण होणार आहे, पाहा,’ असेच जणू फाळके सांगत आहेत.

त्यानंतर बराच वेळ कालियाचे नावही निघत नाही. चित्रपटाचा पूर्वार्ध बाळकृष्णाच्या खोड्यांनी भरला आहे. एक बाई कृष्णाच्या सवंगड्यांवर पाणी फेकते, त्याचा वचपा म्हणून तिच्या घरचे लोणी लुटले जाते. रात्री कृष्ण एका धनिकाच्या शयनगृहात शिरतो आणि झोपलेल्या यजमानाची दाढी व त्याच्या पत्नीचे केस एकमेकांस बांधून ठेवतो. ते दोघे जागे झाल्यावर जी तारांबळ उडते, ती पाहून आमच्या वर्गातील मुलांची हसून मुरकुंडी वळली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रचलेला विनोद, एकही शब्द न बोलता, संकेश्वरच्या मुलांस हसवून गेला.

मग ती मुख्य घटना येते. कृष्ण डोहात उडी घेतो. येथे फाळक्यांनी जे केले आहे, ते नीट पाहण्याजोगे आहे. पाण्याखाली कृष्ण आणि महासर्प यांची झुंज चालली आहे. आणि त्याच वेळी काठावर गोकुळातील माणसे शोकाने व्याकूळ झाली आहेत. चित्रपट आपणांस घटकेत डोहाच्या तळाशी नेतो, घटकेत काठावर आणतो. खाली काय चालले आहे, हे काठावरच्या माणसांस दिसत नाही. आपणांस मात्र दिसते. आणि तरीही काठावरच्या आईचा शोक पाहून आपलाही जीव कासावीस होतो. दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आळीपाळीने दाखवून उत्कंठा वाढवण्याची ही रीत नाटकाच्या रंगभूमीस सहज साधणारी नाही. ती चित्रपटाची स्वतःची भाषा आहे. फाळके ती भाषा बोलू लागले होते, याचा हा पुरावा होय.

अखेर कालियाच्या मस्तकावर उभा असलेला कृष्ण पाण्यावर येतो. त्या क्षणापर्यंत काठावर जे हात कपाळावर होते, ते जोडले जातात.

युक्त्यांचे शास्त्र

हा चमत्कार पडद्यावर कसा घडवला जात असे? मूकपटाच्या काळातील युक्त्यांची माहिती असेल, तर पाहताना दुप्पट आनंद मिळतो, म्हणून ती येथे देत आहोत.

चित्रपटाची प्रचलित फीत ३५ मिलिमीटर रुंदीची असते. तिच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. त्या काळी कॅमेऱ्यास मोटार नसे. हाताने दांडा फिरवावा लागे. सर्वसाधारण कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चित्रे घेतली जात आणि सेकंदाला दोन फेरे द्यावे लागत. म्हणजे सेकंदाला १६ चित्रे, अर्थात एक फूट फीत. हजार फुटांचे एक रीळ या हिशोबाने सुमारे १७ मिनिटे चाले. पुढे बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रांचा वेग ठरला. जुने मूकपट या नव्या वेगाने दाखवले, की त्यांतील माणसे उगाच लगबगीने चालताना दिसतात. ‘त्या वेळची माणसे अशीच चालत काय?’ असे एका मुलाने आम्हांस विचारले, त्याचे उत्तर हे आहे.

आता युक्त्या. पहिली युक्ती कॅमेरा थांबवण्याची. दृश्य चालू असता कॅमेरा थांबवावयाचा, नटाने जागचे दूर व्हावयाचे आणि पुन्हा दांडा फिरवावयाचा. पडद्यावर तो नट अदृश्य झाल्यासारखा दिसतो. दुसरी युक्ती एकाच फितीवर दोनदा चित्रण करण्याची. काळ्या पार्श्वभूमीपुढे नटाचे चित्र घ्यावयाचे. काळ्या रंगावरून प्रकाश परततच नाही, त्यामुळे फितीचा तेवढा भाग कोराच राहतो. मग फीत मागे गुंडाळून त्या कोऱ्या भागावर दुसरे दृश्य टिपावयाचे, म्हणजे दोन्ही चित्रे एकात एक मिसळतात. तिसरी युक्ती एक चित्र हळूहळू मंद करीत त्याच जागी दुसरे उजळत नेण्याची. चौथी युक्ती कृत्रिम वस्तूची. आमच्या चित्रपटातील महासर्प हा अर्थातच कारागिरांनी घडवलेला आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी अशाच युक्त्यांवर १९०२ साली चंद्रावरील प्रवासाचा चित्रपट उभा केला होता. मेलिएस हेही मूळचे जादूगारच, हे येथे सांगण्याजोगे आहे.

‘कालिया मर्दन’मध्ये कोणत्या जागी कोणती युक्ती असावी, हे तुम्ही स्वतः पाहून ओळखण्याचा यत्न करा. आम्ही येथे सांगत नाही.

सात वर्षांची कृष्ण

परंतु युक्तीने डोळा दिपतो. मन गुंततेच असे नाही. हा चित्रपट मनात राहतो तो मंदाकिनीमुळे, असे आमचे मत आहे.

त्या काळाचा विचार करा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीचे काम करावयास एकही स्त्री पुढे येईना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाने ते काम केले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मध्यंतरी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या, पण तो अपवाद होता. पुरुषांनी स्त्रिया व्हावे अशा त्या दिवसांत फाळक्यांनी आपल्या चिमुरड्या मुलीस देव केले, आणि लोकांनीही तिच्यात कृष्ण पाहिला.

मंदाकिनीच्या अभिनयात मोठेपणाचा आव नाही. देवाची भूमिका करणारी मोठी माणसे पुष्कळदा हात वर करून आशीर्वाद देत ताठ उभी राहतात. ही मुलगी धावते, उड्या मारते, लोणी खाते, फजिती झालेल्या माणसांकडे पाहून हसते. कालियाशी झुंजताना ती खरोखर दमलेली भासते. त्यामुळे ‘देवाला काय अशक्य?’ असा विचार आपल्या मनात येत नाही. ‘हे एवढेसे पोर या धुडापुढे टिकेल काय?’ हीच काळजी वाटते. भागवतातील कथेचे मर्मही हेच नाही काय? गोकुळवासीयांच्या दृष्टीने डोहात उडी घेणारा कृष्ण हा परमेश्वर नव्हता. नंदाचे मूल होते.

आमच्या वर्गातील अनुभव या जागी सांगितला पाहिजे. महासर्प प्रथम दिसला तेव्हा मुले मोठ्याने हसली. संगणकावर घडवलेले, आग ओकणारे, आकाशात झेपावणारे ड्रॅगन पाहून त्यांचे डोळे सरावलेले आहेत; हा ओबडधोबड सर्प त्यांस खेळण्यातला वाटला. परंतु झुंज सुरू झाली, काठावरच्या आईचे दर्शन घडले आणि हसणे हळूहळू विरत गेले. कृष्ण वर येण्याच्या वेळी वर्गात पंख्याचा तेवढा आवाज येत होता. सर्प खोटा आहे हे प्रत्येकास ठाऊक होते. ती मुलगी मात्र खरी होती, आणि तिच्यासाठी वाटलेली काळजी खरी होती. ज्या मुलीने तो प्रथम प्रश्न विचारला होता, ती चित्रपट संपल्यावर एवढेच म्हणाली, ‘‘माझ्याएवढीपण नव्हती की हो ती.’’

आणखी एक गोष्ट. आपल्या गावी घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारी मुले पुष्कळ आहेत. मूकपटास भाषेची अडचण नसते. मूकपटाच्या दिवसांत पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा मनुष्य थिएटरात असे. ज्या गावची जी भाषा, तीत तो सांगे. आमच्या वर्गातही एका मुलाने आपल्या शेजाऱ्यास हळूच कानडीतून कथा सांगितलेली आम्ही ऐकली. शंभर वर्षांपूर्वीचे थिएटर क्षणभर आमच्या वर्गात अवतरले, असे वाटले.

दोष आणि तुलना

अभ्यासकाने केवळ स्तुती करू नये. या चित्रपटात दोष आहेत. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी खिळलेला आहे. नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून पाहिल्यासारखे वाटते. काठावरच्या माणसांचे हातवारे आजच्या डोळ्यांस अतिरंजित भासतात. पूर्वार्धातील खोड्या आणि उत्तरार्धातील संग्राम यांचा सांधा सैल आहे. शिवाय मूळ चित्रपटाचा काही भाग कायमचा हरवलेला असल्यामुळे कथा मधूनच उडी मारते. त्याचा दोष मात्र फाळक्यांस देता येणार नाही.

तरीही तुलनेने पाहिले असता फाळक्यांचे कर्तृत्व उठून दिसते. जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी १९२४ साली सिगफ्रीडच्या कथेवर भव्य मूकपट काढला. त्यातील आतून माणसांनी चालवलेल्या भल्यामोठ्या ड्रॅगनचे कौतुक जगभर झाले आणि आजही होते. त्यामागे जर्मनीतील एका बलाढ्य चित्रसंस्थेचे सारे सामर्थ्य होते. फाळक्यांचा महासर्प त्याच्या पाच वर्षे आधी, नाशिकसारख्या गावी, परदेशातून मागवलेल्या मोजक्या साहित्यावर, घरच्या माणसांच्या मदतीने उभा राहिला. लांग यांचा ड्रॅगन कारागिरीत सरस आहे, हे मान्य. परंतु तेथे वीर त्यास मारतो आणि त्याच्या रक्ताने न्हातो. येथे एक मूल सर्पाच्या मस्तकावर नाचते आणि नागपत्न्या हात जोडून त्याची करुणा भाकतात. दोन संस्कृतींच्या कल्पनाशक्तीतील भेद समजून घ्यावयाचा असेल, तर ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

उपेक्षा आणि जतन

मग असा चित्रपट विस्मृतीत का गेला? पहिले कारण, ‘पहिला’ या शब्दाची मोहिनी. परीक्षेस पहिलाच विचारतात. सातव्या वर्षी काय झाले, हे कोणी विचारीत नाही. दुसरे कारण, १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. मूकपट एकाएकी शिळे झाले. तिसरे कारण सर्वांत कठोर आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते आणि नीट जपली नाही तर आपोआप चिकट होऊन कुजते. अखेरीस तिचा भुगा होतो. आपल्या देशात मूकपटांच्या काळात सुमारे १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकी फारच थोडे, आणि तेही बहुधा तुकड्यांनी, आज उरले आहेत. बाकीचे जळाले, कुजले किंवा चांदी काढण्यासाठी विकले गेले.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर या गृहस्थांनी आपले आयुष्य जुन्या फिती शोधण्यात आणि जपण्यात वेचले. फाळक्यांच्या कुटुंबाकडे उरलेले तुकडे मिळवून ते जुळवण्याचे काम झाले नसते, तर मंदाकिनीचा तो चेहरा आज कोणासही दिसला नसता. नायर २०१६ साली निवर्तले. चित्रपट काढणाऱ्याचे नाव आपण घेतो. जपणाऱ्याचेही घेतले पाहिजे.

फाळक्यांची अखेर आपल्या भागाशी जोडलेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. संकेश्वरहून महामार्गाने निघून निपाणी मागे टाकली, की पुढे कोल्हापूर लागते. त्या कोल्हापुरात, कोल्हापूर सिनेटोन या कंपनीसाठी, फाळक्यांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. बोलपट म्हणूनच काढलेला त्यांचा हा एकमेव चित्रपट, आणि शेवटचाही. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. कालियाच्या डोहापासून गंगेच्या अवतरणापर्यंत, पाण्याच्या कथांनी या माणसाची पाठ सोडली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. तोवर चित्रपटाच्या धंद्यास त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.

उपसंहार

मित्रहो, हा लेख वाचून तुम्ही ‘कालिया मर्दन, १९१९’ असे आणखी एक उत्तर पाठ केलेत, तर आमचे श्रम वाया गेले असे आम्ही समजू. चित्रपट पाहा. घरातील आजी-आजोबांस शेजारी बसवून पाहा. यात्रेतल्या तंबूत त्यांनी पाहिलेल्या सिनेमाच्या आठवणी त्यांस विचारा. त्या लिहून ठेवा. फिती जशा कुजतात तशा आठवणीही विरून जातात, आणि त्या जपण्यासाठी कोणत्याही संग्रहालयाची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या गावाशेजारून हिरण्यकेशी वाहते. उन्हाळ्यात तिच्या डोहाकाठी उभे राहिले असता आम्हांस अलीकडे गोकुळातील ती माणसे आठवतात. पाणी नासले, की प्रथम गुरे आणि मुले बळी पडतात, हे भागवतकारांस ठाऊक होते. आजच्या नद्यांत विष कालवणारा कालिया फणा काढून समोर येत नाही, म्हणून त्यास ओळखणे अधिक अवघड झाले आहे, एवढेच.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. ‘तुम्ही बघितलाय काय?’ हा प्रश्न प्रत्येक शिक्षकास, प्रत्येक पुस्तकास आणि प्रत्येक लेखास विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. या वर्षी तो आम्हांस पुन्हा कोणी विचारला, तर फाळक्यांच्या निदान एका चित्रपटापुरते तरी आम्ही मान वर करून ‘होय’ म्हणू शकतो.

पाहताना विचार करण्यासाठी प्रश्न

१. आरंभी मंदाकिनीच्या चेहऱ्यावर कोणकोणते भाव क्रमाने दिसतात? त्यांपैकी कोणते पुढे कृष्णाच्या भूमिकेत पुन्हा आढळतात?

२. झुंजीच्या वेळी चित्रपट किती वेळा डोहातून काठावर येतो, हे मोजा. एकदाही काठावर आला नसता, तर तुमच्या मनावर कोणता परिणाम झाला असता?

३. कॅमेरा थांबवण्याची युक्ती आणि दोनदा चित्रणाची युक्ती यांचे प्रत्येकी एक उदाहरण चित्रपटातून शोधून काढता येते काय?

४. वृत्र, सिगफ्रीडचा ड्रॅगन आणि कालिया या तिघांच्या कथांचे शेवट आपल्या शब्दांत लिहा. तुम्हांस कोणता शेवट योग्य वाटतो आणि का?

५. चित्रपटातील कोणताही एक प्रसंग, तो न पाहिलेल्या मित्रास मराठीत आणि कानडीत सांगा. कोणत्या भाषेत काय अधिक चांगले सांगता आले, ते वहीत टिपून ठेवा.